तृतीयपंथीयांचा तिरस्कार, बाईला कमी लेखणं आणि कडवे उजवे – तासाभरात कसं मांडावं?

खानापूरकर
वाचनालयात महिला मंडळापुढे तासभर बोलायचंय. 25 जणी, बहुतेक पन्नाशीपुढच्या. या तिन्हींचा धागा कुठून धरू? "आपल्याकडे जोगप्पाच्या (यल्लम्मा देवीला वाहिलेल्या तृतीयपंथीयाच्या) पाया पडतात, मग द्वेष कुठाय?" हे कुणीतरी विचारणारच.

शहापूर_पेठ
हिटलरपासून नको. फळ्यावर लिहा: बायल्या, नामर्द, 'बांगड्या भर'. (मोर्चात साहेबांना बांगड्यांचा आहेर होतो तोही घ्या. सीमाप्रश्नावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचं यावर एकमत!) मग विचारा, यात अपमान कशाचा? बाई होणं म्हणजे खाली उतरणं असं आधी धरलं तरच ही शिवी लागते. ज्याला सगळे पुरुष समजतात त्यानं साडी नेसली की राग येतो तो त्यामुळेच: वरची जागा आपणहून सोडली. ट्रान्स पुरुषाच्या (जन्मतः मुलगी ठरवलेल्या, पण स्वतःला पुरुष मानणाऱ्या माणसाच्या) वाट्याला उलटं येतं, 'पोरगी डोक्यावर चढली, लग्न उरकून टाका'. याला निम्मा वेळ द्या.

जोगप्पाचं म्हणाल तर पाया पडतात ते यल्लम्माच्या. डोक्यावर जग (देवीची टोपली) आहे तोवर मान. त्याच माणसाला भाड्यानं खोली द्याल का, एवढं विचारून गप्प बसा.

कायद्यातही किंमत कमीच. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती कायद्यात लैंगिक अत्याचाराला 6 महिने ते 2 वर्षं शिक्षा ठेवली. बाईवरच्या बलात्काराला तेव्हा किमान 10 वर्षं होती.

निपाणी_तंबाखू
राजकारणाला दोनच उदाहरणं पुरेत, पण तारखा शेजारी शेजारी लिहा. बर्लिनमधली डॉ. माग्नुस हिर्शफेल्डची, तृतीयपंथीयांना आधार देणारी लैंगिक विज्ञानाची संस्था नाझींनी 6 मे 1933 ला लुटली. पुढच्याच महिन्यात विवाहकर्जाचा कायदा आला: बायकोनं नोकरी सोडली तर कर्ज, आणि दर मुलामागे पाव हिस्सा माफ. हंगेरीत मे 2020 मध्ये कागदोपत्री लिंगबदल बंद झाला. त्याच महिन्यात तिथल्या संसदेनं स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धचा इस्तंबूल करार मंजूर करायला नकार दिला. चार मुलांच्या आईला मात्र त्याच वर्षापासून आयकर माफ. बाईनं मुलं जन्माला घालायची हा हिशोब एकदा बसवला की त्यात न बसणारा प्रत्येक जण अडचण होतो.

गोकाक_धबधबा
वरचं पटलं, पण 'उजवे = द्वेष्टे' असं समीकरण मांडू नका. डाव्यांत, काही स्त्रीवाद्यांतही ही अढी आहे, आणि समोरच्या बाईला केवळ सवय नसते. तिला नाझी म्हटलंत की चर्चा तिथंच आटोपली. "ट्रान्स स्त्रिया बायकांच्या जागेत आल्या तर बायकांच्या सुरक्षेचं काय?" असं आलं तर खेळाडूंचं उदाहरण द्या. धावपटू सांथी सौंदराजनचं 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं 800 मीटरचं रौप्य लिंगचाचणीवरून काढून घेतलं, 2014 मध्ये धावपटू द्युती चंदला तशाच तपासणीवरून राष्ट्रकुलच्या संघातून वगळलं. दोघीही ट्रान्स नव्हेत. 'खरी बाई' तपासायची पट्टी काढली की आधी बायकाच मोजल्या जातात.

खानापूरकर
आहेराचं घेतो. पण मंडळात दोघी मोर्चावाल्या आहेत, चिडतील.

शहापूर_पेठ
खडू त्यांच्याच हातात द्या.