भावाला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय: महागड्या ब्रँडसाठी वेगळं शोरूम बांधायचं का?

प्रेषक: शहापूरकर, शारजा

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीचा विषय अजून मिटलेला नाही, तरी मध्येच हे घालतोय, कारण वेळ नाही. धाकट्या भावाचं गाड्यांचं शोरूम सगळ्यांनी बघितलंय, बेळगावात उद्यमबागच्या रस्त्याला. मागच्या मेळाव्याची पंगत त्याच्याच मागच्या अंगणात बसली होती. त्याच्या कंपनीनं आता वरच्या गिऱ्हाइकासाठी निराळ्या नावाचा ब्रँड काढलाय. पत्रात दोन वाटा दिल्यात. एक, महामार्गाला नवी इमारत बांधायची. दार वेगळं, माणसं वेगळी, फरशीपासून दिव्यापर्यंत सगळं ते सांगतील तसं, खर्च आमचा. दुसरी, दोन वर्षं आहे त्याच शोरूममध्ये काचेचा आडोसा करून गाड्या ठेवायच्या. पहिली घेतली तर बेळगाव भागाचा हक्क लेखी. दुसरी घेतली तर कंपनी उद्या शेजारी आणखी कुणालाही बसवू शकते.

बाबा म्हणतात, पन्नास लाखाची गाडी घेणारी माणसं इथं किती, आणि त्यांच्यासाठी महाल कशाला? बँक कर्ज द्यायला बसलीय, म्हणून मला जास्त भीती वाटते. भाऊ काय करूलालाय ते त्याचं त्याला कळेना झालंय. ज्यांनी या धंद्यात काम केलंय किंवा अशी गाडी घेतलीय त्यांनी स्पष्ट सांगा. वेगळ्या शोरूमची खरंच गरज असते का?

प्रेषक: खानापूरचे काका, न्यू जर्सी

असते. बांधायला सांग.

मी या देशात आलो तेव्हा होंडाचा महागडा ब्रँड अॅक्युरा नवा होता, 1986 सालचा. लोक म्हणत, होंडाचीच गाडी, मग दुसरं दुकान कशाला? पण होंडाची साधी सिव्हिक घ्यायला आलेला आणि अॅक्युराची महाग लेजंड घ्यायला आलेला एकाच रांगेत बसला असता तर लेजंडवाला उठून जर्मन गाडीकडे गेला असता. टोयोटानं 1989 ला आपला महागडा ब्रँड लेक्सस आणला तो पहिल्या दिवसापासून वेगळ्या दारानं.

उलट उदाहरण फोक्सवागनच्या फेटन या महाग गाडीचं. इंजिनिअरिंगमध्ये काही कमी नव्हतं, ड्रेस्डेनला काचेच्या कारखान्यात जोडली जायची. अमेरिकेत विकायला ठेवली साध्या फोक्सवागनच्या दुकानात, जेट्टाच्या शेजारी. 2006 नंतर इथून गाशा गुंडाळला. किंमत आणि नाव हीही कारणं होती, पण दुकान हे मोठं कारण होतं असं माझं पक्कं मत आहे.

आणि आपल्याकडचं बघा. मारुतीनं 2011 ला किझाशी आणली. गाडी चांगली होती. पण अल्टोच्या शेजारी उभी असलेली सोळा-सतरा लाखाची मारुती कोण घेणार? नाही चालली. मग 2015 ला नेक्सा नावाचं निराळं शोरूम काढलं, काळं-पांढरं, वेगळं. बलेनो तिथून किती विकली गेली ते बेळगावच्या रस्त्यावर उभं राहून मोजा. सियाझ आधी जुन्या शोरूममधून विकत होते, तीसुद्धा 2017 ला उचलून नेक्सात नेली. एवढी मोठी कंपनी उगाच हलवाहलव करत नाही.

आडोसा करून महाग गाडी विकता येत नाही. घ्यायचं तर पुरतं घ्यावं.

प्रेषक: टिळकवाडी वहिनी, सॅन होजे

काका, नेक्सा हा महागडा ब्रँड नाही. तिथं मारुतीच आहे, मारुतीचंच नाव आहे. बलेनो महिन्याला हजारोंनी जाते, म्हणून त्या इमारतीचं भाडं निघतं. बेळगावात या नव्या ब्रँडच्या महिन्याला किती गाड्या जातील? तोच खरा प्रश्न आहे आणि त्यावर तुम्ही एक ओळ लिहिलेली नाही.

मी इथं एका डीलरकडे हिशोब बघत होते, म्हणून सांगते. नव्या गाडीच्या विक्रीत फारसं उरत नाही. डीलर जगतो तो सर्व्हिसवर, सुट्या भागांवर, विमा आणि कर्जाच्या कमिशनवर. हे सगळं रस्त्यावर आधीपासून फिरणाऱ्या गाड्यांमधून येतं. नव्या ब्रँडच्या गाड्या रस्त्यावर नसतातच. म्हणजे पहिली काही वर्षं इमारतीचं व्याज, पगार, वीज आणि डेमो गाड्यांचा घसारा हे सगळं जुन्या धंद्यातून भरायचं. मी ज्यांच्याकडे होते त्यांचा नवा ब्रँड याच पायी बुडाला. शोरूम फार देखणं होतं. मालकांनी राहतं घर गहाण टाकलं होतं.

लेक्ससबद्दल काका जे लिहितात ते अर्धंच आहे. 1989 ला बाजारात आल्यावर काही महिन्यांतच त्यांना एलएस 400 या आपल्या मोठ्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. वायरिंगचा आणि ब्रेकलाइटचा दोष होता, आठ हजारांच्या आसपास गाड्या. नव्या ब्रँडची तिथंच अब्रू जायची. पण त्यांनी माणसं लोकांच्या घरी पाठवली, गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन, टाकी भरून परत आणून दिल्या. लेक्ससचं नाव झालं ते त्यामुळे.

आणि निसाननं त्याच साली इन्फिनिटी काढली. वेगळी दुकानं, जपानी धाटणीची, खूप खर्चाची. जाहिरातीत तर गाडीसुद्धा दाखवली नाही, दगड आणि झाडं दाखवली. लेक्ससच्या जवळपासही पोचली नाही, आणि 2020 मध्ये पश्चिम युरोपातून बाहेर पडली. दार तिचंही वेगळंच होतं.

शहापूरकर भावोजी, धाकट्यांना एवढंच विचारायला सांगा: गाड्यांचा स्टॉक कुणाच्या पैशानं उभा राहणार? मर्सिडीजनं भारतात 2021 पासून पद्धत बदलली. स्टॉक कंपनीचा, किंमत देशभर एक, डीलरला कमिशन. तसं असेल तर एक वेळ इमारतीचा विचार करता येईल. स्टॉकही आपला आणि इमारतही आपली असेल तर नको.

प्रेषक: निपाणीकर

मी काय परदेशात नाही, पण यादीत आहे म्हणून लिहितो. गाड्या घेणारे लोक इथं आहेत आणि ते कुठं जातात ते मी रोज बघतो.

बाबांना सांगा, माणसं आहेत. तंबाखूचे व्यापारी, साखर कारखान्याकडची मंडळी, उद्यमबागचे फौंड्रीवाले, डॉक्टर. पण निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. आमच्याकडचा माणूस गाडी बघायला कोल्हापूरला जातो, नाहीतर महामार्गानं सरळ पुण्याला. खानापूरचा गोव्याकडे बघतो. बैलहोंगलचा हुबळीला जातो. बेळगाव मधोमध आहे, आणि मधोमध असण्याचा तोटा असा की चारी बाजूंना गावं ओढून नेतात.

आता तो पुण्याला का जातो? तिथली फरशी चांगली म्हणून नाही. एकदा गाडी बंद पडली आणि ती उघडणारा स्कॅनरच बेळगावात नव्हता, म्हणून. माझ्या चुलत्यांची गाडी संकेश्वरजवळ बंद पडली. फ्लॅटबेडवर पुण्याला नेली, सुटा भाग येईपर्यंत तिथंच पडून. ऐन सीझनात चुलते भाड्याच्या गाडीनं फिरले. पुढची गाडी घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, दुरुस्ती कुठं होणार? शोरूम कसं आहे हे विचारलंसुद्धा नाही.

वेगळं काही बांधायचं तर वेगळं वर्कशॉप बांधा. दोन बे, चांगली लिफ्ट, कंपनीत शिकून आलेले दोन पोरं, आणि गाडी अडकली तर गिऱ्हाइकाला द्यायला एक गाडी. विजेवरची गाडी असेल तर हाय व्होल्टेजचं शिक्षण घेतलेला माणूस पाहिजेच, तिथं गल्लीतला मेकॅनिक हात लावू शकत नाही. हे झालं की गाड्या जुन्या शोरूममध्ये ठेवल्या तरी विकतील.

कराचं पण बघा. कर्नाटकात वीस लाखावरच्या पेट्रोल-डिझेल गाडीला 18 टक्के आजन्म कर, वर सेस. गाडी कोल्हापुरात घेतली तरी राहणारा इथला असेल तर कर इथंच भरायचा. म्हणजे कर वाचवायला कुणी पलीकडं जात नाही. जातात ते सर्व्हिससाठी. ती इथं मिळाली तर थांबतील.

प्रेषक: वडगावची अक्का, मेलबर्न

निपाणीकरांचं पटलं. पण नवी इमारत झाली तर फलकाचं काय? 2024 च्या कायद्यानं 60 टक्के कन्नड सक्तीचं आहे, कंपनी म्हणणार आमचा लोगो असाच पाहिजे, मग मराठी ओळ बसणार कुठं? आमच्या भाच्याच्या मेडिकलच्या दुकानाला नोटीस आली होती. नंतर फलक उतरवायला लागू नये म्हणून आधीच सांगते. आणि मराठी ओळ पाहिजेच, निम्मं गिऱ्हाईक मराठी आहे.

प्रेषक: यादीचे संचालक

अक्का, फलकाचा विषय या धाग्यात नको. मागच्या वर्षी त्यावर काय झालं ते सगळ्यांना आठवतं. शहापूरकरांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय, तेवढ्यावर बोलू. ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. धंद्याच्या चौकशीला मी या वेळी परवानगी देतो, कारण त्यांच्या कुटुंबानं मेळाव्याला मदत केलीय.

प्रेषक: वडगावची अक्का, मेलबर्न

परवानगीचं कळलं. मंडळाचे कार्यक्रम ज्या माणसांच्या जिवावर होतात त्यांची अडचण हा मंडळाचाच विषय आहे, असं मला वाटतं. फलकाची नोटीस आली की खर्च धाकट्यालाच येणार, म्हणून बोलले.

प्रेषक: अनगोळकर, नागोया

सगळे लेक्ससचं बोलताय म्हणून सांगतो. खुद्द जपानात 2005 पर्यंत लेक्सस नावाचं दुकानच नव्हतं. ज्या गाडीला अमेरिकेत एलएस म्हणायचे तीच इथं टोयोटाच्या दुकानात टोयोटा सेल्सिओर म्हणून विकली जायची. सोळा वर्षं. आणि चांगली विकली जायची, कारण टोयोटाच्या सेल्समनला इथले लोक घरोघर ओळखत होते, टोयोटाची क्राउन वापरणाऱ्या घरात तो आधीपासून जात-येत होता. वेगळी दुकानं काढली ती जर्मन गाड्यांकडे वळलेल्या पिढीसाठी.

मला वाटतं, बेळगाव त्या पहिल्या जपानसारखं आहे. धाकट्याला गावात लोक ओळखतात. ती ओळख नव्या इमारतीत कुठून येणार?

प्रेषक: खानापूरचे काका, न्यू जर्सी

> ती ओळख नव्या इमारतीत कुठून येणार?

ओळख माणसाबरोबर चालत जाते. जागा मात्र एकदा गेली की परत येत नाही. बेळगावकरांना हे मी सांगायचं? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 ला आपल्या गावात सायकलचं दुकान काढलं. पुढं कारखाना वाढवायची वेळ आली तेव्हा नगरपालिकेला ती जागा हवी झाली. त्यांना गाव सोडावं लागलं, औंधच्या राजांनी जमीन दिली आणि 1910 ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याकडं किर्लोस्कर रोड राहिला. त्याच घराण्यानं 1997 ला टोयोटाशी भागीदारी केली आणि 2020 पासून लेक्ससची ईएस बंगळूरजवळ बिडदीला जोडली जाऊ लागली. ते सगळं बेळगावात झालं असतं. म्हणून म्हणतो, महामार्गाची जागा आणि भागाचा हक्क आत्ताच पकडा.

प्रेषक: टिळकवाडी वहिनी, सॅन होजे

काका, किर्लोस्करांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. सायकल तेव्हा श्रीमंतांची वस्तू होती. ते नुसती विकून थांबले नाहीत, चालवायलाही शिकवत होते. दुकान मोठं होतं म्हणून सायकली गेल्या नाहीत.

पण हक्काबद्दलचं तुमचं बरोबर आहे, ते मी सोडणार नाही. ह्युंदाईनं इथं जेनेसिस हा महागडा ब्रँड म्हणून 2015 ला वेगळी केली, तेव्हा गाड्या ह्युंदाईच्याच दुकानात होत्या. मग 2018 च्या सुमाराला कंपनीनं ठरवलं की जेनेसिस थोड्याच डीलरांकडे ठेवायची. उरलेले उठले, राज्याराज्यांतले डीलर कायदे मध्ये आले, परवाने अडकले आणि काही महिने दुकानांत गाड्याच नव्हत्या. शेवटी कंपनीला मागं यावं लागलं. इथं डीलरच्या पाठीशी कायदा होता म्हणून ते टिकले. भारतात तसा वेगळा कायदा नाही, कागदावर असेल तेवढंच तुमचं. तीच जेनेसिस 2027 पर्यंत भारतात आणणार असं जाहीर झालंय. म्हणजे हा प्रश्न पुढं आणखी डीलरांपुढं येणार आहे, आणि आत्ता कंपनीला चांगल्या माणसांची गरज आहे. धाकट्यांनी ती ओळखून बोलावं. दोनच वाटा आहेत असं धरून चालू नये.

प्रेषक: शहापूरकर, शारजा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धाकट्याशी आणि बाबांशी तासभर बोललो, सगळ्यांची पत्रं वाचून दाखवली. अक्का, फलकाचा मुद्दा त्यानं लिहून घेतलाय, कंपनीकडून आराखडा लेखी मंजूर करून घेणार.

ठरलं ते असं. कंपनीला तिसरी वाट सांगायची. गाड्या सध्या आहे त्याच इमारतीत, पण पूर्वेच्या बाजूनं वेगळं दार आणि विकणारी माणसं वेगळी. आडोसा नको, काकांचं ते बाबांनासुद्धा पटलं. नवीन खर्च आधी वर्कशॉपवर. महामार्गाची जागा विकत न घेता दीर्घ भाड्यानं, त्यावर आत्ता फक्त वर्कशॉप, पुढं मागणी दिसली तर तिथंच शोरूम. बदल्यात भागाचा हक्क पहिल्या वाटेसारखाच लेखी. स्टॉकचं वहिनींनी सांगितलेलं स्पष्ट विचारणार. कंपनी नाही म्हणाली तर सोडून द्यायची तयारी आहे. हे बाबा स्वतः बोलले.

वहिनी, इंग्रजी मसुदा तुम्हाला वेगळा पाठवतो. आकड्यांवर नजर टाकाल का? गुरुवारी संध्याकाळपर्यंत आला तरी चालेल.

प्रेषक: निपाणीकर

मसुद्यात भाग कसा लिहिलाय ते आधी बघा. नुसतं ‘बेळगाव’ लिहू नका. चिक्कोडीचं आरटीओ वेगळं आहे, केए 23. गोकाकचं केए 49, बैलहोंगलचं केए 24. बेळगावच्या केए 22 एवढाच हक्क मिळाला तर निपाणी, संकेश्वर, गोकाक सगळं बाहेर राहील आणि गिऱ्हाईक तिथंच जास्त आहे. चारी नंबर नावानिशी लिहून घ्या. आणि चंदगड, गडहिंग्लज महाराष्ट्रात असलं तरी तिथली माणसं बेळगावला येतात, त्यांना गाडी विकायला आणि दुरुस्त करून द्यायला कोल्हापूरच्या डीलरची हरकत चालणार नाही, असं एक वाक्य घाला.