10 मार्च: सावित्रीबाईंची पुण्यतिथी आणि हॅरिएट टबमन दिन एकत्र करायचा आहे, माहिती हवी

मनवा_मेरीलँड:
नमस्कार मंडळी. आम्ही बाल्टिमोरजवळ राहतो. रविवारच्या मराठी शाळेत दरवर्षी 10 मार्चच्या आसपास सावित्रीबाईंची पुण्यतिथी करतो. यंदा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "त्याच दिवशी हॅरिएट टबमन डे असतो, मग दोघींचा एकत्र का नाही करायचा?" टबमन म्हणजे अमेरिकेत गुलामीत जन्मून पुढे इतर गुलामांची सुटका करणाऱ्या कृष्णवर्णीय बाई. सगळ्यांनी कल्पना उचलून धरली.

आता प्रश्न. हा दिवस खरंच राष्ट्रीय आहे का? इथे कुणालाच सुट्टी नसते. पोस्टरवर टबमनचं म्हणून एक वाक्य टाकायचं चाललंय: "मी हजार गुलाम सोडवले, आपण गुलाम आहोत हे कळलं असतं तर आणखी हजार सोडवले असते." ते खरं आहे का? आणि मुलांनी बसवण्याजोगा एखादा प्रसंग सुचवा. कंदील घेऊन जंगलातून पळणं नको, ते सगळ्याच शाळांत होतं.

सिरॅक्यूजची_आक्का:
मनवा, तुझ्या त्या विद्यार्थिनीला माझी शाबासकी सांग.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीची सगळी वर्षं इथे सिरॅक्यूजला वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून काढली. टबमनबाईंचं ऑबर्न गाव आमच्यापासून गाडीने पाऊण तासावर. फोर्ट हिल दफनभूमीत त्यांची समाधी आहे, तिथे मी अनेकदा जाते.

आधी दिवसाचं. त्या 10 मार्च 1913 ला ऑबर्नमध्ये न्यूमोनियाने वारल्या. गुलामीत जन्मलेल्या मुलीची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? साधारण 1822 चा जन्म, एवढंच म्हणता येतं. म्हणून स्मरण मृत्यूच्या तारखेला. 1990 मध्ये अमेरिकी काँग्रेसने संयुक्त ठराव करून 10 मार्च 1990 हा हॅरिएट टबमन दिन ठरवला आणि थोरल्या बुश यांनी तसं घोषणापत्र काढलं. पण तो ठराव त्या एका वर्षापुरता होता. पुढे काही राज्यांनी आपापल्या पातळीवर दिवस पाळायला सुरुवात केली. संघराज्याची सुट्टी तो कधीच झाला नाही. व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ते वाक्य कृपा करून काढा. त्या असं कधी बोलल्याचा किंवा त्यांनी ते कुणाकडून लिहवून घेतल्याचा काहीही पुरावा नाही. मला ते वाक्य लागतं, कारण त्यात गुलामांनाच दोष आहे. आपण गुलाम आहोत हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. पाठीवर फटके होते, पोटची मुलं विकली जात होती. टबमनच्याच बहिणी दक्षिणेत विकल्या गेल्या. पळता न येण्याचं कारण अडाणीपणा नव्हता. मागे राहिलेली लेकरं होती, शिकारी कुत्री होती, आणि 1850 च्या कायद्यानंतर उत्तरेत पोचलेल्यालाही पकडून परत पाठवता येत होतं. म्हणून तर त्या लोकांना थेट कॅनडात, सेंट कॅथरिन्सपर्यंत नेऊ लागल्या. आकडाही नीट घ्या: जुन्या चरित्रातून 300 माणसं आणि 19 फेऱ्या पसरल्या, पण आजचे अभ्यासक सुमारे 13 फेऱ्या आणि 70 च्या आसपास माणसं सांगतात. प्रत्येक फेरीत पकडलं जाण्याची भीती होती. सत्तर कमी नाहीत.

प्रसंग तुमच्याच मेरीलँड राज्यातला घ्या. डिसेंबर 1850, केंब्रिज गावचं न्यायालय. टबमनची भाची केझाया आणि तिची दोन मुलं लिलावाला उभी. बोली लावून त्यांना घेतो कोण, तर तिचाच नवरा जॉन बोली (बोली हे त्याचं आडनाव)! तो स्वतंत्र होता, पण त्याच्याकडे द्यायला पैसे नव्हते. पैशांची मागणी होईपर्यंत केझाया मुलांसह लपवली गेली होती. मग जॉनने सगळ्यांना ओंडक्यांच्या होडीतून चेसापीक उपसागरातून बाल्टिमोरला आणलं. तिथे टबमन त्यांची वाट बघत होत्या. टबमननी केलेली ही पहिली सुटका. मुलांना भरपूर भूमिका मिळतील.

आणि एक आग्रह. गोष्ट सुटकेपाशी थांबवू नका. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 2 जून 1863 ला दक्षिण कॅरोलिनातल्या कॉम्बाही नदीवरच्या मोहिमेत त्यांनी हेरगिरी केली, वाट दाखवली आणि एका फेरीत 700 हून जास्त माणसं सुटली. सैन्यात शुश्रूषाही केली. तरी निवृत्तिवेतनासाठी त्यांना दशकानुदशकं झगडावं लागलं. आधी सैनिकाची विधवा म्हणून महिना 8 डॉलर, आणि 1899 मध्ये शुश्रूषेबद्दल वाढवून 20. सैनिक म्हणून मान मिळाला नाही. मेरीलँडने त्यांना जनरल केलं ते नोव्हेंबर 2024 मध्ये! त्या तुटपुंज्या पैशांतून आणि वर्गण्यांतून त्यांनी निराधार म्हाताऱ्या कृष्णवर्णीयांसाठी आश्रम उभा केला. 1908 ला तो उघडला, शेवटी त्या स्वतःही तिथेच राहिल्या. आयुष्यभर म्हाताऱ्यांची सेवा केलेल्या बाईला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो.

हडपसरकर:
आक्कांचा प्रतिसाद जपून ठेवला. इकडची भर घालतो. 10 मार्च 1897, पुण्यात प्लेगची साथ. मुंढव्याच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दत्तकपुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना प्लेग झाला. म्हणजे दोघीही अखेरपर्यंत आजाऱ्या-निराधारांतच होत्या. शिवाय जोतीरावांनी 1873 ची 'गुलामगिरी' अमेरिकेच्या लोकांनाच अर्पण केली आहे, गुलामी मोडल्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा म्हणून. ती अर्पणपत्रिका मोठ्याने वाचून कार्यक्रम सुरू करा.

मनवा_मेरीलँड:
आक्का, दादा, खूप आभार. वाक्य आजच काढायला सांगते. फुले दांपत्याला टबमनबद्दल माहीत होतं असं निवेदनात म्हणावं का?

सिरॅक्यूजची_आक्का:
नको गं. तसा धागा कुठे सापडत नाही, आणि मुलांसमोर जोडून सांगायचंही कारण नाही. अर्पणपत्रिका खरी आहे, तारीख खरी आहे, तेवढं पुरे. केझायाचा प्रवेश बसवलात की मुलांना एकदा केंब्रिजला न्या, चर्च क्रीकचं टबमन यांचं राष्ट्रीय उद्यानही तिथून जवळच आहे. जॉन बोलीचं काम धीट पोराला द्या, लिलावात आवाज चढवावा लागेल.