लेकरू लातूरला गेल्यापासून गप्प झालंय, परत आणावं का?

परभणीकर_बाप
नमस्कार. मुलगा आठवीपर्यंत गावातल्या झेडपी शाळेत, मग तालुक्याला, दहावीला ९३ टक्के पडले. सगळेच म्हणाले लातूरला टाका म्हणून जूनमध्ये अकरावी आणि नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, बॅच घेतली, चौघांत एक रूम, मेसचा डबा. पहिले दोन महिने बरं चाललं होतं. मग टेस्टच्या मार्कांवरून त्याला खालच्या बॅचला टाकलं आणि रूममधले बाकीचे तिघं वरच्या बॅचलाच राहिले. तेव्हापासून फोनवर नुसतं हं, हं. मागच्या रविवारी मी न सांगता गेलो तर सकाळचा डबा तसाच, पोळ्या वाळून कडक झालेल्या, आणि टेबलाच्या वर भिंतीवर पेन्सिलनी आकडे, ३१२, २८८, २९४, २४१, एकाखाली एक. विचारलं तर म्हणतो काही नाही पप्पा, अभ्यास चालूय. गावाकडं हे लेकरू एक मिनिट गप्प बसत नव्हतं हो. घरची म्हणते घेऊन या, भाऊ म्हणतो आणलं तर पोरगं वाया जाईल. काय करावं समजंना.

इंटर्न_सोलापूर
काका, मी पण मराठी मीडियममधून लातूरला गेलेलो. वर्गात सर ऑस्मोसिस म्हणायचे आणि मला परासरण माहीत, ते डोक्यात जुळेपर्यंत सर दोन ओळी पुढे गेलेले असायचे. मला वाटायचं आपण ढ आहोत. शाळेत कायम पहिला येणारा मी, पण तिथं बाकावर बसलेला प्रत्येक जण आपापल्या शाळेतला पहिलाच असतो, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबरला चार आणि चुकलं की एक वजा. मन घाबरलेलं असलं की येत असलेलं पण सोडून देतो नाहीतर ठोकून देतो, म्हणजे मार्क अजून खाली, म्हणजे भीती अजून जास्त. २४१ वरून पोरगं हुशार नाही असं अजिबात समजू नका. मला मेसमधल्या एका उदगीरच्या मित्रानं तारलं, रोज रात्री अर्धा तास आम्ही एनसीईआरटीची पुस्तकं मोठ्यानं वाचायचो, मग चहा. तुमच्या मुलाची बॅच बदलली म्हणजे वेळा पण बदलल्या असणार, तो आता एकटाच जेवत असेल. तेवढं विचारून बघा.

ज्युकॉ_शिक्षक
मार्कांवरून बॅच वेगळ्या करू नका असं केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंगच्या गाइडलाइन्समध्ये लिहिलंय. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ ला पुन्हा तेच सांगितलं, शिवाय १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं समुपदेशक हवा म्हणून. तेव्हा क्लासमध्ये जाऊन शांतपणे विचारा, समुपदेशक कोण आहे आणि बॅच परत बदलता येईल का. वीस वर्षं शिकवतोय, ज्या पोराला नावानं हाक मारतो ते दुसऱ्या दिवशी डाउट घेऊन येतं, रोल नंबरनं बोलावलेलं येत नाही.
पण त्याच्या आधी एक. जेवण सुटलंय, बोलणं सुटलंय, इतके दिवस झालेत, आता थांबू नका, मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटतं का हे त्याला सरळ विचारा. विचारल्यानं तसलं काही डोक्यात येत नाही, उलट मोकळं होतं पोरगं. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात.

जिंतूरची_ताई
दादा, टेस्टच्या मार्कांचा मेसेज कुणाच्या फोनवर येतो? आमच्याकडं ह्यांच्या फोनवर यायचा आणि हे लगेच घरच्या ग्रुपवर टाकायचे. लेक एकदा रडत म्हणाली, आई दर टेस्टला रात्री नऊ वाजता माझी अब्रू जाते. आम्हाला वाटायचं आपण कौतुक करतोय. तिला आम्ही जानेवारीत परत आणलं, तिनंच मागितलं म्हणून. महिनाभर गल्लीतल्या बाया विचारत होत्या, का आली, ते तिला फार लागलं. पण घरी जेवायला लागली, झोपायला लागली, आता बीएएमएसला आहे. माझ्या बहिणीचा मुलगा मात्र तिथंच राहिला, फक्त रूम बदलली, आणि सावरला. म्हणून आणायचं का ठेवायचं हे तुम्ही दोघा भावांनी ठरवू नका, त्याला विचारा.

परभणीकर_बाप
ताई, तुमचं वाचून ग्रुप उघडला. जूनपासूनचे सगळे मेसेज मीच टाकलेत, २४१ चा पण, आणि खाली मेव्हण्यानं लिहिलंय की इतका पैसा घालून हेच का. मुलगा आहे त्या ग्रुपमध्ये. रात्री फोन केला तेव्हा मार्कांचं काढलंच नाही, तांबडी व्यायली, कालवड झाली एवढं सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला फोटो पाठवा पप्पा. पुढं जेवला का विचारलं तर रडला. सर, तुम्ही सांगितलं तसं सरळ विचारलं, तसं नाही म्हणाला, पण घरची आणि मी उद्या पहाटेच्याच गाडीनं निघतोय, चार दिवस त्याच्याजवळ राहणार. आधी डॉक्टर, मग क्लास. लातूरला मुलांशी नीट बोलणारे मानसोपचार डॉक्टर कुणाला माहीत असतील तर आज रात्रीच मेसेज करा.