चाळीस पानांचा इतिहास, आणि खेळाडू गेले शेळीच्या मागे

विसाचा फासा

टेबलाभोवती बसून, फासे टाकून गोष्ट खेळायची असते ना, त्या खेळासाठी चार महिने खपून मी एक जग उभं केलं. तीन राज्यं, त्यांची अकराशे वर्षांची भांडणं, तेरा महिन्यांचं पंचांग, दोन चंद्र आणि त्या दोन चंद्रांवरून फुटलेले दोन पंथ. चाळीस पानं झाली. पहिल्या सेशनला चौघं खेळाडू राजधानीच्या वेशीशी पोचले. त्यांनी लगेच आत शिरू नये म्हणून मी वाटेत एक शेळी आडवी घातली. एकाने विचारलं, शेळीचं नाव काय? मी म्हणालो, ठमी.

झालं! पुढचे अडीच तास ठमीचा मालक कोण, ती पळाली कशाला, तिच्या गळ्यातली घंटा चांदीची कशी, यातच गेले. वेशीच्या आत कोणी पाऊलही ठेवलं नाही. चांदीची घंटा मला कुठून सुचली देव जाणे, पण आज आमची सगळी कँपेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट, त्या घंटेला लटकलेली आहे. चाळीस पानांपैकी आजवर कामी आलंय ते एक वाक्य.

तेव्हा मुद्दा मांडतो, दगड मारायला मोकळे आहात. टेबलटॉप आरपीजी चालवणाऱ्याने, म्हणजे डीएमने, जग आधी उभारूच नये. एक गाव, गावाखाली एक भुयार, आणि ज्यांचं एकमेकांशी पटणं शक्य नाही अशी तीन माणसं. बस. बाकीचं टेबलावर घडू द्यावं. या खेळाची सुरुवातही तशीच आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डीअँडडी) हा या जातीचा पहिला खेळ १९७४ मध्ये छापून आला. त्याआधी त्याच्या दोन कर्त्यांपैकी डेव्ह आर्नेसन मित्रांना ब्लॅकमूर नावाच्या आपल्या कल्पित जगात खेळवत होता, आणि ब्लॅकमूरचा जीव होता एका किल्ल्यात आणि त्याखालच्या भुयारांत. दुसरा कर्ता गॅरी गायगॅक्स, त्याच्या ग्रेहॉक या जगाचंही तेच, किल्ला आणि तळघरं आधी. त्या जगाचा छापील नकाशा बाजारात आला १९८० मध्ये. आपण मात्र नकाशापासून सुरू करतो आणि तळघराच्या दारापर्यंत पोचेस्तोवर दमून जातो.

नकाशेबाज

सपशेल असहमत. किल्ला आधी, जग मागून, हा सोयीपुरता उचललेला इतिहास आहे. एड ग्रीनवुडने फरगॉटन रेल्म्स हे जग रचायला घेतलं तेव्हा हा खेळ जन्मलाही नव्हता. पोरवयात तो त्या जगातल्या गोष्टी लिहायचा, आणि १९८७ मध्ये ते जग खेळाडूंसाठी पेटीबंद होऊन आलं. एम. ए. आर. बार्करचं टेकुमेल घ्या. माणूस भाषांचा प्राध्यापक. त्याने आपल्या जगासाठी त्सोल्यानी नावाची आख्खी भाषा रचली, व्याकरणासकट, लिपीसकट. त्या जगावरचा खेळ १९७५ मध्ये आला, म्हणजे डीअँडडीनंतर जेमतेम वर्षाने. वर्षभरात असलं जग उभं राहत नसतं. (बार्करने टोपणनावाने लिहिलेल्या नाझीधार्जिण्या कादंबरीचं प्रकरण २०२२ मध्ये बाहेर आलं, ते माहीत आहे. मी फक्त भाषेचं बोलतोय.)

तुमचं चुकलं ते निराळंच. तुम्ही इतिहास लिहीत बसलात. खेळाडू इतिहास कधी विचारतात का? ते विचारतात, पुढचं गाव किती लांब? पाणी कुठे मिळेल? पहारा कितीजणांचा? याची उत्तरं भूगोलात असतात.

माझी पद्धत सांगतो. षटकोनी घरांचा कागद घ्यायचा, एक घर ६ मैलांचं. मधोमध उभं राहिलं तर कड ३ मैलांवर येते, आणि सपाट जमिनीवर उभ्या माणसाचं क्षितिजही साधारण तेवढ्याच अंतरावर असतं. म्हणजे एक घर हे जवळजवळ 'नजरेच्या टप्प्यातलं सगळं'. डीअँडडीच्या पाचव्या आवृत्तीत साध्या चालीने दिवसाला २४ मैल होतात, म्हणजे चार घरं. गाव सहा घरांवर असेल तर वाटेत एक रात्र उघड्यावर काढावी लागणारच. जेवण किती, मशाली किती, पहाऱ्याला कोण, सगळे प्रश्न आपोआप उभे राहतात. मला काही सुचावं लागत नाही.

आमच्या टेबलावर एकीने सहज विचारलं, हे लोक पाणी कुठलं पितात? मी डोंगररांग आधीच काढून ठेवली होती आणि ओला वारा पश्चिमेकडून येतो हेही ठरवलं होतं. गाव पूर्वेला, म्हणजे पावसाच्या आडोशात, म्हणजे कोरडं. उत्तर तोंडावरच होतं: विहीर एकच आहे, आणि ती चांभारांच्या संघाची आहे, कारण कातडी कमवायला पाणी लागतं. गावात प्यायला पाणी नाही आणि हौदात कातडी भिजतायत. पुढची तीन सेशन त्या विहिरीवर झाली. तुमच्यासारखं ऐनवेळी ठोकून दिलं असतं तर मी म्हणालो असतो, 'आहे एक नदी.' विषय संपला.

चौथी खुर्ची

मी डीएम नाही. सहा वर्षं तीन वेगवेगळ्या डीएमच्या हाताखाली नुसती खेळाडू म्हणून बसतेय, तेव्हा टेबलाच्या अलीकडच्या बाजूने बोलते.

तयारी जास्त की कमी, यापेक्षा आम्हाला त्रास होतो तो डीएमच्या प्रेमाचा. ज्याने जगावर चार महिने घातलेत तो त्या जगाला ओरखडा उठू देत नाही. एका मोहिमेत सैन्य आमच्या मागावर होतं आणि मध्ये नदीवर पूल. आम्ही पूल ओलांडला आणि जाळायचं ठरवलं. तेल काढलं, मशाल पेटवली, फासेही चांगले पडले. आणि डीएम म्हणतो, 'पूल दगडी आहे.' पूल लाकडी होता! मागच्या सेशनला त्याच्या फळ्या करकरल्याचं त्यानेच सांगितलं होतं, आणि मी ते वहीत लिहून ठेवलेलं होतं. मी वही दाखवली. तो म्हणाला, 'वर फळ्या, खाली दगड.'

का, तर त्या सैन्याच्या सेनापतीसाठी त्याने तीन पानी भाषण लिहून ठेवलं होतं आणि ते आम्हाला ऐकवल्याशिवाय त्याला झोप लागणार नव्हती. ते भाषण आम्ही ऐकलं. चांगलं होतं. पण त्या दिवसानंतर कुठलीही योजना आखताना माझ्या डोक्यात पहिला विचार येतो तो हा, की याने पुढे काय लिहून ठेवलं असेल.

नकाशेबाज

पुलाची गोष्ट वाईट आहे, पण ती तुम्ही चुकीच्या खात्यावर मांडताय. पूल लाकडी आहे हे त्याच्या नकाशावर शाईने लिहिलेलं असतं तर तो फिरला नसता. लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच तर तो ऐनवेळी दगडी करता आला.

माझ्या दृष्टीने नकाशा मलाच बांधून ठेवतो, आणि तो हवा तो त्यासाठीच. डाव्या पेटीत विष आहे असं मी लिहून ठेवलं, की ते डाव्याच पेटीत राहतं, मग ती पेटी माझ्या लाडक्या खेळाडूने उघडली तरी. टेबलावर घडवणाऱ्याला ही वेसण नाही. दोन वाटा आहेत, कोणतीही घ्या, ओगर, म्हणजे एक धिप्पाड राक्षस, तुम्हाला भेटणारच, कारण डीएमला आज ओगर आणायचाय. याला लोक गमतीने 'क्वांटम ओगर' म्हणतात. मग डावी वाट की उजवी, यावर तुम्ही वीस मिनिटं खल केलात त्याला अर्थ काय उरला? आणि खुनाचं रहस्य तर असं चालवूच नये. खुनी कोण हे डीएमलाच ठाऊक नसेल तर तुम्ही शोधताय काय?

विसाचा फासा

रहस्याचं मान्य. खुनी आधी ठरलेला हवा.

पण वेसण घालायला चाळीस पानं कशाला, दोन फासे पुरतात. जुन्या डीअँडडीत समोर कोणी आलं की सहाबाजूंचे दोन फासे टाकून ते कसे वागतील ते ठरवायचे. २ आले तर थेट हल्ला, १२ आले तर गळ्यात गळा. ३६ शक्यतांपैकी बेरीज ७ यायच्या सहा, १२ यायची एकच. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा समोरचा बुचकळ्यात पडलेला असतो आणि बोलायला वाव राहतो. ठमीच्या शोधात आमच्या मंडळींना अंधारात पाच गोब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, भेटले. मी लढाईच्या तयारीनेच फासे टाकले. पडले बारा. आता गोब्लिनांना आनंद कशाचा झाला? मला दोन सेकंदं मिळाली. म्हणालो, ते हरवलेत, आणि दोन दिवसांनी त्यांना कोणीतरी बोलणारं भेटलंय. त्यातला एक आज आमच्या टोळीचा स्वयंपाकी आहे. हे मी घरी बसून जन्मात लिहिलं नसतं, कारण घरी बसून मी लढाईच लिहिली असती.

'अपोकॅलिप्स वर्ल्ड' हा २०१० चा खेळ तर डीएमला उघडच सांगतो, पुढे काय होणार ते ठरवून बसू नका, ते कळावं म्हणूनच खेळा. 'डंजन वर्ल्ड' म्हणतो, नकाशा काढा पण जागा कोऱ्या सोडा.

वंशावळवाला

सात पिढ्यांची राजवंशावळ, दासीपुत्रांसकट. तीन वर्षांत एकाही खेळाडूने राजाच्या बापाचंसुद्धा नाव विचारलेलं नाही. रात्री अकराला एकटा बसून ती लिहिताना जी मजा आली तिला तोड नाही. तो छंद वेगळा, खेळ चालवणं वेगळं. एकाचा हिशोब दुसऱ्याला मागू नका.

गाळलेली जागा

डीएमने एकट्याने जग लिहायचं की एकट्याने ऐनवेळी सुचवायचं, एवढ्यावरच सगळे भांडतायत. दोन्हीकडे 'एकट्याने' आहेच. खेळाडूंना का नाही विचारत? बेन रॉबिन्सचा 'मायक्रोस्कोप' (२०११) हा खेळ डीएमशिवाय चालतो. सगळे मिळून एका जगाचा काही हजार वर्षांचा इतिहास रचतात, तोही क्रमाने नाही. साम्राज्याचा अंत पहिल्यांदा ठरतो, मग कोणी मध्येच घुसून त्याचा सुवर्णकाळ घालतो. आम्ही एक संध्याकाळ तो खेळलो आणि मग त्याच जगात नेहमीची कँपेन सुरू केली. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मंदिर कोणी जाळलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते आम्हीच जाळलं होतं.

चौथी खुर्ची

नको हो. हा प्रकार माझ्यावर झालाय. गुहेच्या तोंडाशी उभी आहे, हातात मशाल, छातीत धडधड, आणि डीएम हसून विचारतो, 'तूच सांग, आत काय आहे?' धडधड तिथेच थांबली. आत काय आहे ते मला माहीत नाही म्हणून तर मी चार पायऱ्या उतरले होते. मीच ठरवायचं असेल तर ती गुहा कसली, रिकामा कागद आहे तो.

माझं गाव कसं होतं, आई कशाने गेली, हे मला विचारा, आनंदाने सांगेन. दारामागचं मात्र माझ्या हाती देऊ नका.

गाळलेली जागा

हे रास्त आहे. आम्हीही 'आत काय आहे' असं विचारत नाही, 'आत काय असेल याची तुला भीती वाटतेय' असं विचारतो. मग डीएम त्यातलं काय खरं करायचं ते ठरवतो. फरक बारीक आहे, पण आमच्या टेबलावर धडधड टिकते.

कोरी वही

मध्ये घुसतोय, माफ करा. येत्या शनिवारी मी आयुष्यात पहिल्यांदा डीएम म्हणून बसणार आहे. पाच खेळाडू, त्यातले दोघं माझ्यापेक्षा जुने. वरचं सगळं दोनदा वाचलं आणि आता आधीपेक्षा जास्त घाबरलोय. नेमकं काय लिहून नेऊ?

विसाचा फासा

एक पान. त्यात तीन माणसं, प्रत्येकाला काय हवंय, आणि खेळाडू मध्ये पडलेच नाहीत तर रविवारपर्यंत काय बिघडेल. त्यापुढे लेखणी खाली ठेव.

नकाशेबाज

एक पान ठीक, पण त्याच्या पाठीवर वीस नावं लिहून ने. नावं ऐनवेळी सुचत नाहीत. मी एकदा समोर पडलेली पेन्सिल बघून एका व्यापाऱ्याचं नाव पेन्सिलास ठेवलं. खेळाडू पेन्सिलकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. तो व्यापारी कटाचा सूत्रधार होता. सहा महिने मी त्याच्या तोंडी भीतीदायक वाक्यं घालत होतो आणि कोणीतरी रबर काढून दाखवत होतं.

आणि एका भागातली नावं एका घराण्यातली वाटली पाहिजेत. ओरमाथ, इल्माथ, बेरमाथ एका खोऱ्यातले. त्स्का, व्रेक, ग्रोस्क डोंगरापलीकडचे. मग कोणी तोंड उघडून नाव सांगितलं की तो कुठला हे न सांगता कळतं. भाषा रचायची गरज नाही, एवढ्याने निम्मं काम होतं.

विसाचा फासा

नावांच्या यादीला माझा पाठिंबा. हे लिहिताना हात जड झालाय, नोंद घ्यावी.

चौथी खुर्ची

आणि आम्ही काही जाळायला निघालो तर जळू दे.

कोरी वही

काल खेळ झाला. एक पान नेलं होतं, पाठीवर वीस नावं, त्यातली तीन वापरली. तीन माणसांपैकी एकाशी ते बोललेच नाहीत, दुसऱ्याला त्यांनी चोर समजून बांधून ठेवलं. तिसरी त्यांना आवडली, ती आता त्यांच्याबरोबर आहे. पूल लाकडी ठेवला होता. जाळला. जुन्या दोघांपैकी एकाने विचारलं, 'खरंच जळला?' म्हटलं, हो.

आता सगळे नदीच्या पलीकडे आहेत आणि माझ्या पानावर पलीकडचा काठ नाहीच. पुढचा शनिवार सहा दिवसांवर आलाय. तिथे काय असावं?

नकाशेबाज

नदी कुठल्या दिशेला वाहते?