वायू विश्लेषकात नमुना 'दूषित' होतो की 'बाटतो'?

शिरोलीवाला: लॅबमधल्या मास स्पेक्ट्रोमीटरसाठी (वायूतले रेणू वस्तुमानानुसार वेगळे करून दाखवणारं यंत्र) मराठीत सूचनापत्रक लिहितोय. 'कंटॅमिनेशन'ला काय लिहू? 'प्रदूषण' म्हटलं की पोरं पंचगंगेवर घसरतात.

राजारामपुरी: 'प्रदूषण' नकोच. 'भेसळ' म्हटलं तर कुणीतरी मुद्दाम केल्याचा संशय येतो आणि 'दूषण' आपण लोकांना देतो. नामाच्या नादी न लागता 'नमुना दूषित झाला' असं सरळ क्रियापद वापरा.

शिरोलीवाला: आमचे जुने ऑपरेटर 'नमुना बाटला' म्हणतात.

राजारामपुरी: बोलायला फक्कड आहे, पण त्या शब्दामागे सोवळ्या-ओवळ्याचा इतिहास आहे. शाहू महाराजांच्या गावात कागदावर तरी नको.

मासस्पेकवाली: शब्द कुठलाही घ्या, पण नोंदवहीत नुसतं 'दूषित' लिहून भागणार नाही. दुरुस्ती करणाऱ्याला काय समजणार? आलेखावर 28, 32 आणि बारीकसं 40 ही वस्तुमानं (नायट्रोजन, ऑक्सिजन, आरगॉन) एकदम दिसली तर हवा शिरतेय, तिथे 'गळती' लिहा. फ्लँज (नळ्यांचा बोल्टने आवळलेला जोड) उघडला असेल तर त्यातली तांब्याची चकती, म्हणजे गॅस्केट, नवंच घाला. 18, म्हणजे पाणी, एकटंच उंच असेल तर भिंतींनी धरलेली 'ओल'. जुलैत चेंबर उघडं ठेवून चहाला गेलात की ती आलीच. आत हवा सोडण्याऐवजी कोरडा नायट्रोजन सोडा. 41, 43, 55, 57 ही रांग दिसली तर 'तेल', एक तर रोटरी पंपाचं उलटं आलेलं, नाहीतर उघड्या बोटांचं. पंप बंद करण्याआधी पंप आणि चेंबरमधला व्हॉल्व्ह मिटा आणि नायट्रिलचे हातमोजे घाला.

राजारामपुरी: आणि मागच्या नमुन्यातलं पुढच्यात उतरतं ते?

मासस्पेकवाली: आम्ही 'मागचा उरलेला' म्हणतो. अमोनिया त्यात भारी चिवट. तो 17 वर येतो आणि पाण्याच्या रेणूचाही एक तुकडा तिथेच येतो, म्हणून पटकन सापडत नाही. नुसत्या पाण्याचं 17 हे 18 च्या साधारण पाव असतं. त्याहून बरंच जास्त दिसलं तर नळी तापवून, कोरडा नायट्रोजन फिरवून कोरी (नमुन्याशिवाय) नोंद घ्या, मगच पुढचा नमुना.

शिरोलीवाला: ताई, हे जसंच्या तसं उचलतो. 'बेक-आउट'ला 'भाजणे' चालेल?

मासस्पेकवाली: नको हो! 'तापवून सुकवणे' लिहा आणि शेजारी आकडा टाका. व्हायटनची (एक प्रकारचं रबर) रिंग असेल तर 150 अंश सेल्सिअसच्या आत. 'भाजणे' वाचून कुणी हीटिंग टेप फुल्ल करून घरी जायचा.