लेखकांनी संप केला, तर मालिका सुधारतील का?

प्रश्न : डिचोलीचा प्रेक्षक

आमच्या घरी संध्याकाळी 7 ते 9.30 या वेळेत टीव्ही आईच्या ताब्यात असतो, त्यामुळे मराठी मालिका माझ्या कानांवर पडतातच. गेल्या आठवड्यात एका मालिकेत सासूबाईंच्या हातातून हळदीकुंकवाचे ताट पडले. ते तीन वेळा पडताना दाखवले, मग घरातील सात माणसांचे चेहरे एकेक करून दाखवले आणि दुसऱ्या दिवशीचा भाग पुन्हा त्याच ताटापासून सुरू झाला. भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "उद्या नाही बघितले तरी चालेल, ताट खालीच असणार."

अमेरिकेतील पटकथालेखकांचा 2023 चा संप 2 मे रोजी सुरू होऊन 148 दिवस चालला आणि त्यात सुमारे 11,500 लेखक उतरले होते. मुंबईतील मालिकालेखकांनी असे काही केले, तर आपल्यापर्यंत पोहोचणारे लेखन सुधारेल का? की मुळात लेखकच कमी पडत असल्यामुळे संपानंतरही ताट खालीच राहील? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : लेखणीचा हमाल, फोंडा

मी वर्षभर एका मराठी मालिकेचे संवाद फोंड्यात बसून लिहिले आहेत; मालिकेचे आणि वाहिनीचे नाव मात्र येथे देत नाही. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात, हे श्रेयनामावलीत सर्वांना दिसते. दिसत नाही ते हे, की पटकथा माझ्याकडे बहुधा रात्री 9 नंतर येत असे आणि सकाळी 7 च्या शिफ्टला कलाकारांच्या हातात संवादांची पाने हवी असत. चित्रित करून हाताशी ठेवलेल्या भागांना या धंद्यात बँक म्हणतात. आमची बँक पहिल्या महिन्यात बारा भागांची होती, चौथ्या महिन्यात ती दोनवर आली, आणि एकदा तर दुपारी चित्रित झालेला प्रसंग त्याच रात्री घरोघरी दिसला.

सासूची भूमिका करणाऱ्या ताईंना एकदा ताप आला. रात्री 11 वाजता क्रिएटिव्हचा, म्हणजे कथेवर देखरेख ठेवणाऱ्याचा, फोन आला, की उद्याचे पाचही सीन त्यांच्याशिवाय करून द्या. मी सासूला रातोरात काशीला पाठवले आणि सुनेच्या कानाला फोन लावून दिला. पलीकडचा आवाज ऐकवायचाच नसल्यामुळे "काय म्हणता आई? तिथेही पाऊस?" अशा थाटाची दीड पाने मी पहाटेपर्यंत लिहिली, आणि त्यांतला एकही शब्द मला आज आपला म्हणवत नाही. पुढच्या गुरुवारी टीआरपी आला, तर आकडा किंचित वर! ताई बऱ्या होऊन सेटवर आल्या, तरी वाहिनीच्या सांगण्यावरून सासू आणखी आठ दिवस काशीतच राहिली.

मानधन भागागणिक ठरले होते आणि प्रसारणानंतर 90 दिवसांनी मिळायचे होते. शेवटच्या दोन महिन्यांचे अजून यायचे आहे.

आमच्या गावच्या उत्सवी नाटकाला देवळाच्या मंडपात महिनाभर तालीम चालते. तेथे आपले वाक्य नटाच्या जिभेवर कोठे अडखळते, हे लेखकाला स्वतःच्या कानांनी ऐकता येते आणि दुसऱ्या दिवशी ते बदलताही येते. मालिकेत ही सोय नाही. म्हणूनच अमेरिकन लेखकांच्या करारातील मनुष्यबळाचे कलम मला मानधनवाढीपेक्षा मोलाचे वाटते. तेथे निर्माते थोड्याच लेखकांना थोड्या आठवड्यांसाठी बसवून काम उरकू लागले होते. 2023 च्या संपानंतरच्या करारानुसार 13 किंवा अधिक भागांची मालिका चित्रीकरणासाठी मंजूर झाली, की किमान 6 लेखक घ्यावे लागतात, आणि 7 ते 12 भागांना 5. मुख्य लेखकाला एकट्यानेच सगळे लिहायचे असेल, तरच त्यातून सूट. आमच्याकडे महिन्याला सव्वीस भाग असत आणि संवादांना मी एकटा.

उत्तर : मडगावची वकील

हमाल महाशय, आपले थकलेले मानधन हा स्वतंत्र विषय आहे. करार आणि ईमेल जपून ठेवले असतील, तर मुदतीच्या आत कायदेशीर नोटीस द्यावी.

मूळ प्रश्नाबाबत मात्र अमेरिकेची तुलना जपून करावी, असे मला वाटते. तेथे लेखकसंघ आणि निर्मात्यांची संघटना यांच्यात सामूहिक करार होतो, त्याची मुदत संपली आणि नव्या करारावर एकमत झाले नाही, तर संप पुकारून सभासद लेखणी खाली ठेवतात; करारावर सही न केलेल्या निर्मात्याकडे काम करण्यास सभासदांना मनाई असते. आपल्याकडे मुंबईत पटकथालेखकांची संघटना आहे, ती नोंदणीकृत कामगार संघटनाही आहे, परंतु प्रत्येक लेखक निर्मात्याशी आपापला करार करतो. एकाने नकार दिला, तर त्याच रात्री दुसऱ्याला फोन जातो.

कायदा अगदीच रिकामा आहे, असेही नाही. कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटात समाविष्ट असलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला चित्रपटगृहाबाहेरील वापरासाठी रॉयल्टीचा समान वाटा दिला आणि तो हक्क त्याला सोडूनही देता येणार नाही, अशी तरतूद केली. कायद्यातील 'चित्रपट' या शब्दाची व्याख्या कोणतेही दृश्यमुद्रण सामावून घेण्याइतकी व्यापक असल्यामुळे मालिकाही तिच्यात बसतात. परंतु हक्क कायद्यात असणे आणि धनादेश हातात पडणे यांत अंतर आहे, आणि ते तोडण्यासाठी संघटनाच लागते. त्यामुळे संपाने लेखकाचा खिसा सुधारू शकतो. लेखन सुधारेल, असे सांगणारे कलम मला कोठे दिसत नाही.

उत्तर : पेडण्याचा दशावतारप्रेमी

वेळ कमी म्हणून लेखन वाईट, हे मला पटत नाही. आमच्या दशावतारात संवादांची संहिताच नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता मंडळी आख्यान ठरवतात आणि रात्री नारद असे बोलून जातो, की सकाळी बाजारात लोक ती वाक्ये पुन्हा म्हणतात.

आणि अडचणीतून वाट काढणे मालिकावाल्यांनाही येते. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले, तेव्हा काही मालिकांची युनिट गोव्यात आली आणि मुंबई-पुण्याची कुटुंबे अचानक रिसॉर्टच्या व्हरांड्यात भांडू लागली. मे महिन्यात येथील परवानग्याही थांबल्या, तेव्हा ती गेलीही. कथेला त्याने काही इजा झाल्याचे मला जाणवले नाही, कारण इजा होण्याजोगी कथाच नव्हती.

संपाचे म्हणाल, तर 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईतील कामबंदमुळे हिंदी वाहिन्यांवर जुने भाग लागले होते. आमच्या आजीने तेही तितक्याच मनापासून पाहिले.

उत्तर : लेखणीचा हमाल, फोंडा

दशावताराचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. पण भाऊ, नारद रंगमंचावर येतो, तेव्हा पहाटे कोणाचा वध व्हायचा आहे, हे त्याला ठाऊक असते. त्या ठाऊक असण्याच्या बळावर तो हवा तसा भटकतो. मी वर्षभर लिहिले, पण माझ्या नायिकेचे शेवटी काय होणार, हे मला कोणी सांगितले नाही, कारण ते कोणालाच ठाऊक नव्हते. आकडा टिकला तर लीप घ्यायची, म्हणजे कथा एकदम काही वर्षे पुढे न्यायची, पडला तर पंधरा दिवसांत गुंडाळायचे. शेवट नसलेल्या कथेत ताट उचलण्याची घाई कोणाला असणार?

2007-08 च्या अमेरिकन संपात 'ब्रेकिंग बॅड'चा पहिला हंगाम 9 ऐवजी 7 भागांवर थांबला आणि मालिकेचे त्यामुळे काही बिघडले नाही. मला संपात मागणी घालायला सांगितली, तर मानधनाखालोखाल एकच घालीन : पहिले पान लिहिण्यापूर्वी भागांची संख्या लेखी द्या. वकीलबाई, असे कलम करारात घालता येईल का?

उत्तर : मडगावची वकील

घालता येईल. त्यावर सही करणारा निर्माता आपण शोधावा.

उत्तर : डिचोलीचा प्रेक्षक

सर्वांचे आभार. ही चर्चा मी आईला वाचून दाखवली. काशीच्या प्रसंगाला ती मनापासून हसली आणि म्हणाली, की ती मालिका तिने पाहिली होती, आणि सासू काशीला असतानाचे ते दिवस तिला बरे वाटले होते, घरात जरा शांतता होती. ताट काल उचलले गेले.