प्रतिसाद: स्पीतीची सायकलवारी – दिशा आणि सुटे भाग
मनालीहून काझामार्गे शिमल्याला यायचा बेत तुम्ही मांडलाय. माझं स्पष्ट मत, दिशा उलटी करा. शिमला, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा अशी उंची टप्प्याटप्प्याने वाढते आणि ४,५५१ मीटरचा कुंझुम ला (खिंड) शेवटी येतो. मनालीकडून तो लगेचच समोर उभा राहतो, शरीराला विरळ हवेची सवय व्हायच्या आत.

कुंझुम उतरल्यावर मनालीच्या बाजूचा बातल ते ग्राम्फू रस्ता दगडगोट्यांचा, टायर किमान २ इंची हवेत. बर्फ वितळून दुपारनंतर नाल्यांना पाणी चढतं, म्हणून बातलला मुक्काम करून पहाटे निघा. ओल्या रेतीत डिस्क ब्रेकचे रेझिन (राळेचे, मऊ) पॅड झपाट्याने संपतात; रोटरला (ब्रेकच्या चकतीला) चालत असतील तर सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) घ्या, वर एक जादा जोड.

स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, गिअरच्या बाजूचा. पॅनियरचं (मागच्या कॅरिअरला लटकवलेल्या पिशव्यांचं) वजन तिथे, ताणही त्याच बाजूला जास्त. नेमक्या त्या मापाचे ३-४ स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून न्या. पण कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) उतरवल्याशिवाय ते बसत नाहीत, त्याचं हत्यार बरेच जण विसरतात! डिरेलर हँगरही (गिअर बदलणारा मागचा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) तुमच्याच फ्रेमचा घ्या. तो काझात मिळेल या भरवशावर राहू नका.